फौजदारी कायद्याच्या संज्ञांचा लातूरमधील रविवार वर्ग : एका पोलीस पाटलाचा अभिप्राय

लातूर शहरात फौजदारी वकिली करणारे एक ज्येष्ठ वकील सामान्य माणसांसाठी रविवारचा वर्ग चालवतात. गुन्हा नोंदवण्यापासून निकालापर्यंत जे शब्द कानावर पडतात त्यांचा नेमका अर्थ आणि त्यामागची कार्यपद्धती, एवढाच या वर्गाचा विषय आहे. नीट आणि जेईईच्या शिकवण्यांसाठी राज्यभर ओळखल्या जाणाऱ्या या शहरात कोणत्याही परीक्षेसाठी नसलेला वर्ग चालतो आणि त्याला पोलीस पाटील, सरपंच, तालुक्याचे वार्ताहर, बचत गटाच्या अध्यक्षा आणि विधी शाखेचे काही विद्यार्थी शुल्क भरून येतात, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. वकिलाने प्रत्यक्ष किंवा आडमार्गाने स्वतःची जाहिरात करू नये असा बार कौन्सिलचा नियम असल्यामुळे वर्गाचे आणि वकीलसाहेबांचे नाव मी येथे देत नाही. लातूरच्या न्यायालयाच्या आवारात चौकशी केल्यास पत्ता मिळतो. माझे मत आधीच सांगते: पोलीस ठाण्यातील टप्प्यांबाबत इतके उपयुक्त शिक्षण मला दुसरीकडे कोठेही मिळाले नाही, न्यायालयातील पुराव्याचा भाग मात्र घाईत उरकला जातो, आणि ज्यांना पंच किंवा साक्षीदार म्हणून उभे राहायचे आहे त्यांनी केवळ या वर्गावर विसंबू नये.

वर्गाची सर्वात मोठी जमेची बाजू म्हणजे शिकवण्याची रीत. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शिकांमध्ये संज्ञा अकारविल्हे किंवा कलमांच्या क्रमाने दिलेल्या असतात, त्यामुळे वाचणाऱ्याला व्याख्या पाठ होते आणि तिचा उपयोग कळत नाही. येथे प्रत्येक संज्ञेमागे दोनच प्रश्न विचारले जातात: हा शब्द कागदावर आला की यापुढे हालचाल कोणी करायची, आणि ती किती दिवसांत करायची? गावात माझ्याकडे येणारे लोक नेमके येथेच अडतात. मारहाण झाल्यावर ठाण्यात जाऊन आलेला माणूस विचारतो, “पाटीलताई, एनसी झाली म्हणजे केस झाली ना?” एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद; ती झाली की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि पुढचे पाऊल तक्रारदारालाच उचलावे लागते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तो महिनोन् महिने घरी बसून पोलीस येण्याची वाट पाहतो.

ग्रामीण भागातल्या एनसीवर 115(2), 352 आणि 351(2) ही कलमे सतत दिसतात: साधी दुखापत, अपमान करून चिथावणी देणे आणि धमकी. 1 जुलै 2024 पूर्वी हीच कलमे 323, 504 आणि 506 म्हणून लोकांना तोंडपाठ होती. भारतीय न्याय संहिता (गुन्हे आणि शिक्षा), भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (कार्यपद्धती) आणि भारतीय साक्ष्य अधिनियम (पुरावा) हे तीन कायदे त्या दिवशी अमलात आले आणि 511 कलमांच्या जुन्या दंड संहितेच्या जागी 358 कलमांची नवी संहिता आली. वकीलसाहेब आकड्यांवर वेळ घालवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागू होते, त्यामुळे आज चालू असलेल्या कितीतरी खटल्यांत जुनी कलमेच राहणार आहेत, ही गोष्ट त्यांनी केवळ ओझरती सांगितली. वर्गातील अनेकांच्या घरचे खटले जुन्या कलमांखालचे असताना छापील टिपणात जुन्या-नव्या कलमांचा एक साधा तक्ता हवा होता, आणि तो नाही.

प्रथम खबरीचा अहवाल, म्हणजे एफआयआर, शिकवताना नाव-गाव खोडलेली एक खरी प्रत प्रत्येकाच्या हातात दिली गेली आणि ती रकान्यारकान्याने वाचून घेतली गेली. घटना कधी घडली, ठाण्यात खबर कधी मिळाली, स्टेशन डायरीची नोंद कोणती, घटनास्थळ ठाण्यापासून कोणत्या दिशेला आणि किती अंतरावर, असे करत करत वर्ग ‘खबर देण्यास उशीर झाल्याची कारणे’ या रकान्यापाशी येऊन थांबला. हातातल्या प्रतीत घटना आणि खबर यांच्यामध्ये तीन दिवसांचे अंतर होते आणि हा रकाना कोरा होता. बचाव पक्षाचा वकील उलटतपासात पहिले बोट याच कोऱ्या जागेवर ठेवतो, असे वकीलसाहेबांनी सांगितले. जखमीला आधी दवाखान्यात नेले, गावातल्या जाणत्यांनी बैठक घेऊन मिटवण्याचा प्रयत्न केला, घरातील कर्ता माणूस परगावी होता, अशी कारणे आमच्याकडे खरीच असतात, पण ती सांगायची असतात हे ठाऊक नसल्यामुळे ती कागदावर येत नाहीत. त्या दिवसापासून ठाण्यात माणसासोबत जाताना मी तो रकाना आधी पाहते. खबर देणाऱ्याला प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे, आणि ठाण्याने नोंद घेण्यास नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी खबर पाठवता येते व त्यानेही भागले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, हा क्रमही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 वरून नीट समजावला गेला. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले होते. नागरिक सुरक्षा संहितेने तीन वर्षे किंवा त्याहून अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकांच्या परवानगीने, 14 दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा दिली आहे. ‘चौकशी चालू आहे’ हे उत्तर किती दिवस ऐकून घ्यायचे, हे त्यामुळे आता नेमके सांगता येते.

झिरो एफआयआरचे व्याख्यान आमच्या भागासाठी सर्वात मोलाचे ठरले. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. फडावर बाईवर अत्याचार झाला, मजुरांना डांबून ठेवले किंवा मारहाण झाली, तर ‘जिथे घडले तिथे जा’ असे सांगून परत पाठवण्याची सवय अजून गेलेली नाही. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर आपल्या जवळच्या ठाण्यात देता येते, हे आता संहितेच्या मजकुरातच आले आहे. ती शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवली जाते.

त्याला जोडूनच उचलीच्या, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, व्यवहारांवर झालेली चर्चा मला विशेष आवडली, कारण दिवाणी आणि फौजदारी यांतील फरक पुस्तकी भाषेत कितीही वाचला तरी मनात ठसत नाही. उचल घेऊन मजूर फडावर गेला नाही, की मुकादम ‘चारशे वीस दाखल करतो’ म्हणून धमकावतो. न्याय संहितेत फसवणूक कलम 318 मध्ये आहे आणि तिचा गाभा बदललेला नाही: पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू असला पाहिजे. घेताना जायचे खरेच मनात होते आणि नंतर आजारपणामुळे किंवा घरातल्या मृत्यूमुळे जाता आले नाही, तर तो पैशाच्या वसुलीचा वाद होतो, गुन्हा होत नाही. उलट त्या पैशांपोटी मजुराला किंवा त्याच्या कुटुंबाला कोंडून ठेवणे हा मुकादमाचा गुन्हा ठरतो, आणि वेठबिगारीविरुद्ध 1976 चा स्वतंत्र कायदा आहे. या तासाला वर्गात एक मुकादमही होते आणि त्यांनी बरेच प्रश्न विचारले. वकीलसाहेबांनी त्यांनाही तेवढ्याच शांतपणे उत्तरे दिली.

हेतू, जाणीव आणि निष्काळजीपणा या तीन पायऱ्या समजावण्यासाठी रानडुकरांपासून पीक वाचवण्याकरिता शेताभोवती सोडलेल्या विजेच्या तारेचे उदाहरण घेतले होते. त्या तारेला चिकटून माणूस मेला, तर तो खून, सदोष मनुष्यवध, की न्याय संहितेच्या कलम 106 खालचा निष्काळजीपणामुळे झालेला मृत्यू? मरणाऱ्याशी वैर नव्हते म्हणजे गुन्हा नाही, असे वर्गातील निम्म्या लोकांचे मत पडले. वाट कोणाची होती, तारेत प्रवाह सोडल्याची सूचना दिली होती का, तेथून माणसे जातात हे शेतकऱ्याला ठाऊक होते का, असे एकेक प्रश्न विचारत वकीलसाहेबांनी तीच घटना वेगवेगळ्या पायऱ्यांवर नेऊन दाखवली. संज्ञा शिकवण्याची हीच खरी पद्धत आहे असे मला मनापासून वाटते.

बांधाच्या भांडणांवरचा तास त्याच तोडीचा होता. दोन भावकींची हाणामारी झाली की एका बाजूने घरातल्या सगळ्यांची नावे दिली जातात, सासू, सून आणि लातूरला शिकायला असलेला मुलगासुद्धा. समान उद्देशाचे कलम 3(5) लावायला एकत्रित मनोदय दाखवावा लागतो, तर बेकायदेशीर जमावासाठी किमान पाच माणसे लागतात आणि मग जमावाचे समान उद्दिष्ट पाहिले जाते. नावे फुगवल्याने खटला बळकट होतो हा समज त्यांनी पुराव्यानिशी खोडून काढला: एक नाव खोटे सिद्ध झाले की खऱ्या नावांवरचा विश्वासही ढळतो. साधी आणि गंभीर दुखापत यांतील सीमारेषा पूर्वी वीस दिवसांच्या तीव्र वेदनेची किंवा असमर्थतेची होती, ती आता पंधरा दिवसांची आहे, त्यामुळे वैद्यकीय प्रमाणपत्राचे महत्त्व आणखी वाढले आहे.

अटक आणि जामीन हा विषय त्यांनी दोन रविवारी शिकवला आणि एक मिनिटही वाया गेला नाही. 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे, अटकेची कारणे सांगणे, नातेवाइकाला कळवणे हे नियम बहुतेकांना ऐकून माहीत होते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची, म्हणजे पोलिसांसमोर हजर राहण्याची, नोटीस आली म्हणजे अटक झाली असे नव्हे, उलट तिच्याप्रमाणे हजर राहिल्यास सहसा अटक होत नाही, हे मात्र अनेकांना नवे होते. पीसीआर (पोलीस कोठडी) आणि एमसीआर (न्यायालयीन कोठडी) या आमच्याकडच्या न्यायालयांत रोज उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांबद्दल गावात मोठा गोंधळ आहे. पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी मिळाली की माणूस सुटला, अशी बातमी घरी जाते, आणि घरचे लोक जेवण करून वाट पाहतात. न्यायालयीन कोठडी म्हणजे कारागृहच, फक्त तेथून जामिनाचा अर्ज करण्याची वाट मोकळी होते. पोलीस कोठडी एकूण 15 दिवसांचीच असली, तरी नव्या संहितेनुसार ती गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत तुकड्यातुकड्याने घेता येते, हा बदल वकीलसाहेबांनी काळजीच्या स्वरात सांगितला. ठरलेल्या 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो, मात्र तो मागावा लागतो. दोषारोपपत्र दाखल होणे आणि न्यायालयाने आरोप निश्चित करणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि जामीन म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे. वर्तमानपत्रांत या तिन्हींची रोज सरमिसळ होते, हे उपस्थित वार्ताहरांनीही मान्य केले. जामीनदाराला सातबारा आणि तहसीलदारांचा ऐपत दाखला लागतो, तो मिळवायला किती दिवस जातात आणि तोवर माणूस आतच कसा राहतो, हेही त्यांनी अनुभवातून सांगितले.

‘चॅप्टर’ या शब्दाला गावात लोक जितके घाबरतात तितके कोर्टाच्या समन्सला घाबरत नाहीत. चॅप्टर म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खालची प्रतिबंधक कारवाई; ती शिक्षा नाही. तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी म्हणून शांतता राखण्याचे बंधपत्र जास्तीत जास्त एक वर्षासाठी मागू शकतात. सणावाराच्या तोंडावर दोन्ही बाजूंना नोटिसा निघतात तेव्हा लोक माझ्याकडे धावत येतात, त्यामुळे हा तास माझ्या रोजच्या कामाचा होता. पोलीस पाटलांवर 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाप्रमाणे आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 34 प्रमाणे खबर देण्याची जी जबाबदारी आहे, तिच्यावर मात्र एक स्वतंत्र तास व्हायला हवा होता.

आता उणिवा. पहिली आणि मोठी उणीव म्हणजे खटल्याच्या सुनावणीला आणि पुराव्याला मिळालेला अपुरा वेळ. सरतपास (साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूचे प्रश्न), उलटतपास (विरुद्ध बाजूचे प्रश्न) आणि फेरतपास (पहिल्या बाजूने पुन्हा विचारलेले प्रश्न) यांच्या व्याख्या फळ्यावर लिहून दिल्या गेल्या, पण एकदाही साक्षीचा सराव घेतला गेला नाही. गावातला पंच पंचनाम्यावर सही करतो, मोबाइलच्या पाकिटावरच्या लेबलवर सही करतो, लाखेचे सील लागताना उभा असतो, आणि त्यानंतर काही वर्षांनी त्याला साक्षीला बोलावले जाते. तोवर त्याला सील आठवत नाही, लेबलवरची सही आपली आहे एवढेच आठवते, आणि ‘पोलिसांनी सांगितले म्हणून सही केली’ असे तो बोलून जातो. सरकार पक्ष त्याला फितूर घोषित करतो आणि गावात तो पैसे घेऊन फिरला अशी आवई उठते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचे आता दृकश्राव्य चित्रीकरण करायचे असते, त्यामुळे पंचाची जबाबदारी कमी झालेली नाही, उलट त्याचे बोलणे आणि चित्रीकरण पडताळून पाहिले जाणार आहे. अशा माणसाला तयार करणे हे या वर्गाचे पहिले काम असायला हवे.

डिजिटल पुराव्याचे तर अर्ध्या तासातच आटोपले, आणि याचे मला वाईट वाटले, कारण या विषयावरचा देशातला सर्वात महत्त्वाचा निकाल मराठवाड्यातूनच गेला आहे. जालना विधानसभा मतदारसंघातील 2014 च्या निवडणुकीवरून औरंगाबाद खंडपीठात चाललेल्या वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली ठरवले की मूळ उपकरण हजर केलेले नसेल, तर चित्रफितीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यकच आहे. तो वाद निवडणुकीचा होता, तरी तो नियम प्रत्येक फौजदारी खटल्यातील मोबाइलच्या चित्रफितीला लागतो, आणि आता ती तरतूद साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे. गावातला तरुण मारामारीचे चित्रण करतो, ते व्हॉट्सअॅपवर पाठवतो, मूळ फोन विकून टाकतो आणि मग पुरावा हाती असूनही उपयोगाचा राहत नाही. मृत्यूपूर्व जबाबाबाबतही तसेच झाले. 1984 च्या सारडा निकालात, पुण्यात मरण पावलेल्या विवाहितेने बीडला लिहिलेली पत्रे या सदरात बसतात का याची विस्तृत चर्चा आहे, आणि परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रेही त्याच निकालातून आली. आरोपी त्या निकालात सुटला. आपल्या मुलुखाशी इतका जवळचा संबंध असलेले निकाल वकीलसाहेबांना निश्चितच ठाऊक आहेत. ते सांगायला त्यांनी वेळ ठेवला नाही.

छापील टिपणांची भाषा वर्गातल्या बोलण्याच्या अगदी उलट आहे. समोर बोलताना वकीलसाहेब एवढे स्वच्छ मराठी बोलतात, आणि टिपणात मात्र शासकीय परिपत्रकातून उचललेली पाच-पाच ओळींची वाक्ये आहेत, जी घरी जाऊन पुन्हा वाचली तरी उलगडत नाहीत. तडजोडपात्र गुन्ह्यांची यादी टिपणात आहे, पण स्टॅम्पवर गावात लिहून घेतलेल्या तडजोडीने तडजोडपात्र नसलेला खटला संपत नाही, त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 खाली उच्च न्यायालयाच्या खंडपीठातच जावे लागते, ही सर्वात गरजेची ओळ त्यात नाही; ती मी वहीत लिहून घेतली म्हणून माझ्याजवळ आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो आणि त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे, हे शेवटच्या रविवारी सांगितले गेले. ते पहिल्याच दिवशी फळ्यावर हवे होते.

स्त्रियांची संख्या वर्गात फार कमी होती. त्यांच्या उपयोगाचे नियम, म्हणजे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अपवाद वगळता अटक नाही, साक्षीदार म्हणून जबाब द्यायला ठाण्यात बोलावता येत नाही, तिची स्वतःची ठाण्यात यायची तयारी नसेल तर तो राहत्या घरीच घ्यावा लागतो, हे वकीलसाहेबांनी आवर्जून सांगितले. पण ते ऐकायला ज्या बायका यायला हव्यात त्यांना संध्याकाळी सहाला सुटणारा वर्ग परवडत नाही. निलंगा आणि अहमदपूर भागातल्या दोन-तीन बचत गटांनी मिळून मागणी केली तर तालुक्याच्या ठिकाणी दुपारी वर्ग घेण्याची वकीलसाहेबांची तयारी आहे, असे त्यांनी माझ्याशी बोलताना सांगितले.

शुल्क 1500 रुपये आहे, त्यात टिपण आणि दुपारचा चहा येतो, आणि पोलीस पाटलांच्या तुटपुंज्या मानधनाचा विचार करून त्यांच्याकडून निम्मेच घेतले जाते. पोलीस पाटील, सरपंच, तंटामुक्ती समितीचे सदस्य आणि वार्ताहर यांनी हा वर्ग जरूर करावा. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना कार्यपद्धतीचा भाग उपयोगी पडेल, पण पुराव्याचा कायदा त्यांना इतरत्र शिकावा लागेल. ज्यांच्या घरी खटला चालू आहे त्यांनी आपल्या एफआयआरची आणि दोषारोपपत्राची प्रत सोबत न्यावी. वर्ग सुटल्यावर वकीलसाहेब थांबतात, कागद वाचतात आणि पुढची तारीख कशासाठी आहे ते सांगतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.